आई येऊन राहिली

आमच्या पांढुर्ण्यात माणूस घरातून निघायच्या कितीतरी आधी निघालेला असतो. फोनवर "निघून राहिलो", म्हणजे निघतोय, असं म्हणणारा चपला घालून दारात उभा असू शकतो, किंवा त्याची आंघोळही अजून व्हायची असू शकते. सौंसरचे पाहुणे "येऊन राहिलो" म्हणाले म्हणून आमच्याकडे कुकर चढवत नाहीत. बसमध्ये बसल्याचा दुसरा फोन आला की चढवतात. यात कोणी कोणाला फसवत नाही, कारण बोलणाऱ्यालाही ठाऊक असतं आणि ऐकणाऱ्यालाही. मी मात्र या बोलण्याच्या आड लपून माझ्या बायकोला आणि मुलीला फसवलं.

मुलगी टोरांटोला असते. ती भोपाळला शिकली, पुण्यात नोकरीला लागली, तिथल्याच मुलाशी तिचं लग्न झालं आणि दोघं तिकडे गेली. भोपाळला होती तेव्हा सुट्टीत घरी येताना ती गाडीतून एकच फोन करायची. तिकडून येताना आमच्या आधी तिगावचं छोटं स्टेशन लागतं. "बाबा, तिगाव सोडलं," एवढंच बोलायची आणि मी स्कूटर काढायचो. माझी स्कूटर आणि तिची गाडी जवळपास एकदमच स्टेशनात शिरायची. तिगाव सुटायच्या आधी सुटलं असं तिने एकदाही सांगितलं नाही. आमच्या घरात तशी ती एकटीच.

तिला दिवस राहिल्याची बातमी आली तेव्हा संत्र्याचे दिवस होते. बायको ओसरीत संत्री सोलत बसली होती. जावयाची आई तो कॉलेजात असतानाच वारली, त्यामुळे बाळंतपणाला कोण, हा प्रश्न कोणी काढलाच नाही. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं ही आमच्याकडची रीत, पण मुलीला नोकरी सोडून इतके महिने इकडे येता येणार नव्हतं. बायकोने हातातली फोड खाली ठेवली आणि म्हणाली, "म्हंजे मलेच जा लागते." हे तिने तक्रार म्हणून म्हटलं नव्हतं. एखादी बढती मिळाल्यासारखं म्हटलं होतं.

त्याच संध्याकाळी मी मोबाइलवर नागपूर ते टोरांटो असं शोधलं. विमानाचं अंतर साडेबारा हजार किलोमीटरच्या आसपास, थेट उड्डाण केल्यास साधारण पंधरा तास. नकाशावर दोन ठिपके होते आणि त्यांना जोडणारी एक निळी कमान. मी शाळेत भूगोल शिकवतो, पण विमानात कधी बसलेलो नाही. नागपूर एकोणऐंशी अंश पूर्वेला आहे आणि टोरांटोही एकोणऐंशीच अंशांवर, पण पश्चिमेला. या योगायोगाचं मला इतकं कौतुक वाटलं की दुसऱ्या दिवशी वर्गात फळ्यावर आकृती काढून मुलांना दाखवलं. बायकोला अंशांचं काही वाटलं नाही. तिने फक्त तास ऐकले.

"पंधराच घंटे?" ती म्हणाली. "तेवढ्यात तं आपली गाडी दिल्लीले नेते."

तो "पंधराच" मला आवडला नाही. मी तेच पान पुन्हा उघडलं. खाली लिहिलं होतं की या दोन शहरांमध्ये थेट विमान नाही, वेळ केवळ हिशेबासाठी दिलेली आहे. खरा प्रवास दिल्लीला आणि मग लंडनला विमान बदलून, मधल्या थांब्यांसकट एका दिवसाहून जास्त. मी ते तिला वाचून दाखवलं. वाचताना आवाज जरा गंभीर केला. लंडनला बाई एकटी, इंग्रजी यायचं नाही, विमानतळच पांढुर्ण्याएवढा मोठा, हे माझ्या पदरचं घातलं. ती ऐकून घेऊन पुन्हा संत्री सोलायला लागली.

पुढचे काही आठवडे मी हेच करत होतो. शाळेत, दुकानात, कोणी विचारलं की रुबाबात "पंधरा तास" सांगायचो आणि घरात शिरलो की तोच प्रवास अठ्ठावीस तासांचा व्हायचा. दोन्ही आकडे खरे होते, म्हणून मला खोटं बोलल्यासारखं वाटत नव्हतं.

खरं कारण अंतर नव्हतंच. एक बाळंतपण सोडलं तर लग्न झाल्यापासून बायको सौंसरला माहेरी जाते ती चार-आठ दिवसांसाठी. तिथून इथे तासाभराचा रस्ता. मुलीकडे ती सहा महिने जाणार होती. स्वयंपाकाचं मला भय नव्हतं, खिचडी मी करू शकतो. पण शाळेतून आल्यावर मी दारात चपला काढत असतो आणि ती आतून विचारते, "आले का?" मी समोर दिसत असतानाच विचारते. या प्रश्नाला मी कधी उत्तर दिलेलं नाही. तो प्रश्नच सहा महिने कोणी विचारणार नाही, हे मला सहन होत नव्हतं. "मला करमणार नाही" एवढे तीन शब्द बोलायचे होते. पन्नाशी उलटलेल्या माणसाच्या तोंडून ते निघत नव्हते, त्यापेक्षा साडेबारा हजार किलोमीटर म्हणणं सोपं होतं.

पासपोर्टचं काम माझ्याकडे होतं. बायकोचे फोटो काढून आणले होते. ते पाकीट माझ्या शर्टांच्या कप्प्यात पडून होतं आणि मी अर्ज केला नव्हता. तिने विचारलं की मी सांगायचो, "होऊन राहिलं." ती पुढे विचारत नसे.

अशाच एका रविवारी जावयाचा फोन आला. तो स्वभावाने सरळ आणि बोलायला शुद्ध पुणेरी. त्याने विचारलं की आईंचं नक्की काय ठरतंय. मी कुठेतरी जायच्या घाईत होतो, किंवा घाईत असल्यासारखं करत होतो.

"येऊन राहिल्या ना," मी म्हणालो.

"येऊन राहिल्या?" त्याने पुन्हा विचारलं. मग म्हणाला, "खरंच, बाबा?" मी हो म्हणालो. "मला वाटलं नव्हतं तुम्ही तयार व्हाल," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज भरून आला. यात भरून येण्यासारखं काय आहे ते मला कळलं नाही. मी फोन ठेवला.

ते मार्च महिन्यात कळलं. मुलीने व्हिडिओ कॉल लावला आणि मोबाइल हातात धरून ती आम्हाला नवीन घर दाखवायला लागली. आधीचं एका खोलीचं घर सोडून त्यांनी दोन खोल्यांचं घेतलं होतं. दुसऱ्या खोलीत खिडकीजवळ पलंग होता, त्यावर जाड रजई. कोपऱ्यात बाळाला आंघोळ घालायला बसण्यासाठी एक लाकडी पाट होता. तो त्यांनी कुठून मिळवला देव जाणे. भिंतीवर सौंसरजवळच्या जामसांवलीच्या मारुतीची तसबीर, आम्ही लग्नात दिलेली.

"आई, ही तुमची खोली," मागून जावई म्हणाला.

मुलगी हसायला लागली. तिला धड बोलताही येईना. "बाबा, तुम्ही याले सांगितलं, येऊन राहिल्या म्हणून. याले वाटलं, आई आता इथंच येऊन राहणार. कायमची." तिने त्याला समजावलं तोवर घर ठरलं होतं. तो म्हणाला होता की मग आता बदलायचं कशाला, खोली असू दे. बायको डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. मीही हसलो. जावई लाजून मोबाइलच्या चौकटीबाहेर गेला.

मग मुलगी सहज म्हणाली की बाळंतपणानंतर मदतीला एक बाई बोलून ठेवली होती, तिला आता नको म्हणून कळवलं. "आई येऊन राहिली म्हटल्यावर तिले कायले अडकवून ठेवायचं?"

माझं हसू तिथेच थांबलं. तिकडे खोली तयार होती, पाट तयार होता, मदतीची बाई सोडलेली होती, आणि इकडे माझ्या कप्प्यात फोटोंचं पाकीट होतं. फोन बंद झाल्यावर बायकोने विचारलं, "पासपोर्टचं कुठवर आलं?" मी तेच दोन शब्द पुन्हा म्हणालो. तिने माझ्याकडे नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ पाहिलं आणि चहा ठेवायला गेली.

पुढच्या सुट्टीला आम्ही सौंसरला गेलो. सासूबाई आता थकल्या आहेत. डिंकाच्या लाडवांना अजून वेळ होता, पण त्यांना लेकीला एकदा हाताखाली घेऊन ते करून दाखवायचे होते. पुढे आपल्या हातून होतील की नाही याचा त्यांना भरवसा वाटत नव्हता. स्वयंपाकघरात तुपात डिंक फुलत होता. मला त्यांनी दाराशी स्टुलावर बसवलं आणि मुराळ्याची गोष्ट काढली. सासरी असलेल्या मुलीला माहेरी न्यायला जो येतो, तो मुराळी. माझी बायको सातव्या महिन्यात असताना तिला न्यायला सासरे स्वतः मुराळी होऊन पांढुर्ण्याला आले होते. वाटेत बस बिघडली, तेव्हा ते संत्र्याच्या ट्रकमध्ये बसून आले. आमच्या दारात उभे राहिले ते कपड्यांना संत्र्यांचा वास घेऊन. हे मला आठवत होतं.

"आता उलटं हाय," सासूबाई म्हणाल्या. "पोरीले आणता येत नाही, तं मायलेच तिकडं पोचवा लागते. मुराळी तुम्हीच, जवाईबुवा. कधीचं हाय मंग जाणं?"

बायको कढईतून डिंक काढत होती. वर न पाहता म्हणाली, "त्यायले विचार. होऊन राहिलं म्हणते."

तिच्या आवाजात राग नव्हता. पण ज्या सपाट स्वरात ती हे म्हणाली, त्यावरून मला कळलं की तिला सगळं ठाऊक आहे. माझ्या शर्टांना इस्त्री तीच करते, ते कप्प्यात तीच ठेवते.

"काहीच नाही झालं," मी म्हणालो. "अर्जच केला नाही मी."

कढईत डिंक फुटण्याचा आवाज येत राहिला. सासूबाईंनी गॅस बारीक केला.

"मले माहीत होतं," बायको म्हणाली.

"मंग बोलली काऊन नाही?"

"तुम्ही कधी बोलता, ते पाहून राहिली होती."

आणि तेव्हा, सासूच्या समोर, स्टुलावर बसून मी ते तीन शब्द बोललो. मले करमणार नाही. सासूबाईंनी पदर तोंडाशी नेला. हसू दाबत म्हणाल्या, "एवढंच होय? मले वाटलं, काही बिमारी सांगते का काय." बायको हसली नाही. तिने कढई उतरवली, हात पुसले आणि म्हणाली, "अन् तिले करमत असन का तिकडं, अशी पोटुशी?"

 दुसऱ्या दिवशी मी अर्ज केला.

पासपोर्ट लवकर आला. व्हिसाला त्याचा वेळ लागला. माझे वाया गेलेले आठवडे आता एकेक करून आठवायला लागले. जुलैच्या सुरुवातीची तारीख डॉक्टरांनी दिली होती आणि तिकीट मिळालं ते जूनच्या शेवटल्या आठवड्यातलं. मुलीने तिकडूनच चाकाच्या खुर्चीची सोय सांगून ठेवली, म्हणजे विमान बदलताना कोणीतरी सोबत राहील. बायकोला ते पटेना. "मी का लंगडी हावो?" ती दोन दिवस विचारत होती. शेवटी तिने अट घातली की पांढुर्ण्यात कोणाला हे सांगायचं नाही. मी सांगितलं नाही. आता लिहून टाकतो आहे, पण तिची परवानगी घेतली आहे.

आम्ही सौंसरवरून गेलो. सासूबाईंनी लाडवांचा डबा आणि बाळंतशोपा तिच्या मांडीवर दिल्या. जामसांवलीला उतरून मारुतीचं दर्शन घेतलं. निद्रेत पहुडलेल्या त्या मारुतीसमोर तिने बराच वेळ हात जोडले. मग आम्ही नागपूरला पोचलो. विमानतळाच्या दारातून पुढे मला जाता येत नव्हतं. पोरीला आणायला गेलेल्या मुराळ्याला निदान सोबत परत यायला मिळतं. मी तिथेच उभा राहिलो. एका मुलाने खुर्ची आणली, ती त्यात अंग चोरून बसली, डबा मांडीवर घट्ट धरला.

"जेवत जा वेळेवर," ती म्हणाली. "अन् खोटं नका बोलू. एवढ्या दुरून मले तुमचं तोंड दिसणार नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती लंडनच्या वाटेवर असताना जावयाचा फोन आला. मुलीला कळा सुरू झाल्या होत्या, तारखेच्या आधीच. ते दवाखान्यात पोचले होते. डॉक्टर म्हणतात काळजीचं कारण नाही, हे त्याने मला सांगितलं आणि मग पुन्हा सांगितलं. मी ओसरीत बसून राहिलो. मार्चऐवजी डिसेंबरात अर्ज केला असता तर आज ती मुलीच्या उशाशी असती. हा हिशेब करायला भूगोलाची गरज नव्हती.

दुपारच्या आत बायकोचा लंडनहून फोन आला. तिची खुर्ची ढकलणारी बाई पंजाबची निघाली होती, तिने मोबाइल जोडून दिला होता. मागे घोषणा ऐकू येत होत्या. तिने पहिल्यांदा विचारलं ते मुलीबद्दल. तिच्यापुढे अजून एक समुद्र होता आणि तिथे तिला कोणाशी बोलता येणार नव्हतं. बरी आहे, एवढं सांगून टाकावं असं फार वाटलं.

"दवाखान्यात नेलं तिले," मी म्हणालो. "होऊन राहिलं."

 ती म्हणाली, "खरं होऊन राहिलं, का तुमचं होऊन राहिलं?"

"खरं."

"मंग बरं," ती म्हणाली. "त्या खुर्चीत आता खरीच बसते मी. पाय गळाले."

संध्याकाळी चहाच्या सुमारास मुलगी झाल्याची बातमी आली. दोघी सुखरूप होत्या. थोड्या वेळाने माझ्या मुलीने स्वतः फोन केला. आवाज खोल गेला होता. "आई कुठवर आली?" तिने विचारलं.

मी मोबाइलवर विमानाचा नकाशा उघडून बसलो होतो. तीच निळी कमान, पण आता तिच्यावर एक छोटं विमान होतं आणि ते समुद्राच्या मधोमध थांबल्यासारखं दिसत होतं. "अर्धा समुद्र झाला," मी म्हणालो. मग मला राहवेना. मी सांगितलं की आई वेळेवर पोचली नाही ती माझ्यामुळे, मी अर्जच केला नव्हता, आणि त्या दोघांना मात्र आई येऊन राहिली म्हणून सांगत होतो.

"माहीत हाय बाबा. आईने मार्चमधीच सांगितलं."

"मंग तू काही बोलली नाही?"

 तिच्याजवळ बाळाचा बारीक आवाज येत होता. "तिगाव सोडलं की फोन करा," ती म्हणाली. "आता झोपते मी जराशी."

मी विमानाकडे पाहत बसलो. ते किनाऱ्यावर आलं, मोठ्या सरोवरांकडे वळलं आणि खाली उतरायला लागलं, तेव्हा इकडे जेवणाची वेळ झाली होती. मी फोन लावला.

"तिगाव सोडलं," मी म्हणालो.

ती हसली, की तिला रडू आलं, ते नीट कळलं नाही. तिने नवऱ्याला सांगितलं आणि मला म्हणाली, "हा निघून राहिला." मागून जावयाचा आवाज आला, "निघून राहिलो नाही, निघालो." तो आवाज खोलीच्या बाहेरून आला होता. तो खरंच निघाला होता.

त्यानंतरचा फोन बायकोचा. ती मुलीच्या पलंगाशेजारी खुर्चीत बसली होती, प्रवासाची चुरगळलेली साडी, वर जावयाचं जाकीट. बाळ तिच्या मांडीवर होतं. लाडवांचा डबा उघडून झाला होता. तिने मला नातीचा चेहरा दाखवला, मग हात दाखवले, मग पुन्हा चेहरा. जन्माच्या वेळी ती तिथे नव्हती याबद्दल ती एक शब्द बोलली नाही. मी बोलायला गेलो तर तिने बाळाची टोपी सारखी केली आणि विषय तिथेच राहू दिला. ते मला लागलं आणि बरंही वाटलं.

"सांगा माझ्या मायले," ती म्हणाली, "की मी येऊन राहिली."

हे ती आपल्या बोलीत म्हणाली की जावयाच्या, ते मी विचारलं नाही. मागे तो हसला. मग तिने मोबाइल जरा जवळ घेतला आणि माझ्या मागच्या रिकाम्या ओसरीकडे पाहिलं.

"करमून राहिलं का?"

"नाही," मी म्हणालो.